भाषा कधी ठरवायची?

बव्हेरियातल्या न्यूर्नबर्ग शहराच्या वायव्येला वीसेक किलोमीटरवर, आउराख नावाच्या छोट्या नदीच्या दोन्ही काठांवर हेर्त्सोगेनआउराख वसलं आहे. वस्ती जेमतेम २४-२५ हजार, म्हणजे आपल्याकडच्या तालुक्याच्या गावाएवढी. स्थानिक लोक नुसतं ‘हेर्त्सो’ म्हणतात. इथे अ‍ॅडॉल्फ आणि रुडोल्फ दासलर या भावांनी १९२४ साली बुटांचा कारखाना नोंदवला. १९३६च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये जेसी ओवेन्स धावला तो या भावांच्या बुटांत. पुढे भाऊ भांडले आणि १९४८ साली वेगळे झाले. अ‍ॅडॉल्फ म्हणजे आदी, त्याची आदिदास, रुडोल्फची पुमा. गावाचीही दोन गावं झाली. समोरच्याशी बोलण्याआधी त्याच्या पायात कोणाचे बूट आहेत ते लोक पाहून घेत, म्हणून ‘झुकलेल्या मानांचं गाव’ असं नाव पडलं. अखेर २००९च्या सप्टेंबरमध्ये दोन्ही कंपन्यांच्या कर्मचाऱ्यांनी एकत्र फुटबॉल खेळून ती कडवट आठवण औपचारिकरीत्या संपवली.

ही भाऊबंदकी जगाला ठाऊक आहे. तिच्याइतकी रंगतदार नसली तरी गावाची दुसरी एक बाजू आपल्या विषयाच्या, म्हणजे तपासणीच्या प्रोग्रॅममध्ये भाषा कधी ठरवायची या प्रश्नाच्या, जास्त जवळची आहे. या दोन्ही कंपन्यांची मुख्यालयं अजून याच गावात आहेत आणि त्यांची ऑनलाइन दुकानं मात्र देशोदेशी वेगवेगळी आहेत. जर्मनीचं वेगळं, ऑस्ट्रियाचं वेगळं, स्वित्झर्लंडचं वेगळं, तुर्कस्तानचं वेगळं, भारताचं वेगळं. बूट तोच असतो. बदलतो तो बटणावरचा मजकूर, किमतीतला स्वल्पविराम, मापाचा आकडा आणि कायद्यानं दाखवावी लागणारी ओळ. अशा दुकानात रोज काही ना काही बदलत असतं आणि प्रत्येक बदलानंतर सगळं पुन्हा तपासावं लागतं. माणसं बसवून हे होत नाही. म्हणून हे काम प्रोग्रॅम करतात, आणि त्यांतले पुष्कळसे जावा भाषेत लिहिलेले असतात.

या प्रकरणापुरतं आपण हेर्त्सोमधलं एक काल्पनिक बुटांचं दुकान घेऊ. त्याची टेस्ट कशी चालते, ते आधी थोडक्यात. जेसन हगिन्स यानं २००४ साली शिकागोत थॉटवर्क्स या कंपनीत असताना सेलेनियम नावाचं साधन लिहायला घेतलं. त्याच्या मदतीनं प्रोग्रॅम खराखुरा ब्राउझर उघडतो, बूट शोधतो, माप निवडतो, बास्केटमध्ये टाकण्याचं बटण दाबतो आणि शेवटी पडद्यावर अपेक्षित मजकूर आला की नाही ते पाहतो. सेलेनियमची वेबड्रायव्हर ही पद्धत २०१८ साली वेबचं अधिकृत मानक झाली. टेस्ट रचायला, चालवायला आणि निकाल मांडायला जेयुनिट किंवा टेस्टएनजी असतं. पुण्यात हिंजवडीपासून खराडीपर्यंत हजारो लोक हेच काम करतात आणि त्यांतल्या अनेकांच्या टेस्ट त्यांना न येणाऱ्या भाषांत चालतात.

सुरुवात सगळीकडे सारखीच होते. पहिली टेस्ट लिहिणारा जर्मन दुकानापुरतं पाहतो. बटणावर ‘इन डेन वारेनकोर्ब’ असं लिहिलेलं असतं, अर्थ ‘बास्केटमध्ये टाका’. तो ते शब्द सरळ टेस्टमध्ये लिहितो. पंधरा ठिकाणी तेच शब्द आले की कोणी शहाणा सहकारी सांगतो, हे सगळे एका क्लासमध्ये काढ. मग ‘कॉन्स्टंट्स’ नावाचा क्लास तयार होतो आणि त्यात प्रत्येक मजकूर ‘स्टॅटिक फायनल’ म्हणून बसतो. इथवर सगळं ठीक असतं. मग फ्रेंच दुकान येतं.

आता काय करायचं? पहिला मोह होतो तो ‘कॉन्स्टंट्स’ची फ्रेंच प्रत काढण्याचा आणि टेस्टच्या वरच्या आयात-ओळी बदलण्याचा. म्हणजे टेस्टचीही फ्रेंच प्रत निघते. सहा देश झाले की एका दुरुस्तीसाठी सहा फायली उघडाव्या लागतात, आणि त्यांतली पाचवी कोणीतरी विसरतो. दुसरा मोह ‘जर भाषा जर्मन असेल तर हे, फ्रेंच असेल तर ते’ अशा साखळ्यांचा. त्या निदान चालतात, पण प्रत्येक नव्या देशाबरोबर टेस्टमधला मूळ हेतू त्या साखळ्यांखाली दडपत जातो. मला यात खरी चूक वेगळी दिसते. दोन्ही ठिकाणी भाषेचा निर्णय कोड लिहिताना घेतला जातो, आणि तो तेव्हा घेण्याची काहीच गरज नसते. टेस्ट लिहिणाऱ्याला ‘बास्केटचं बटण’ एवढंच म्हणायचं असतं. कुठल्या भाषेतलं, हे टेस्ट सुरू होईपर्यंत कोणी विचारूच नये.

जावाच्या पोटात मात्र याच्या उलट वागणारी एक सोय दडलेली आहे, आणि ती ठाऊक नसल्यानं होणारे घोटाळे फार चमत्कारिक असतात. ‘स्टॅटिक फायनल’ स्ट्रिंगला थेट अवतरणातला मजकूर दिला, की जावाच्या नियमांनुसार तो कम्पाइलच्या वेळचा स्थिरांक ठरतो. वापरणाऱ्या क्लासमध्ये कम्पायलर ‘अमुक ठिकाणी जाऊन पाहा’ असा निर्देश ठेवत नाही. तो मजकूरच उचलून तिथल्या क्लास फाइलमध्ये उतरवतो. आता समजा, मजकुरांचा क्लास एका सामाईक लायब्ररीत आहे आणि टेस्ट दुसऱ्या प्रकल्पात. लायब्ररीत बटणाचा शब्द बदलला, नवी जार फाइल आली, पण टेस्ट पुन्हा कम्पाइल झाल्या नाहीत. टेस्ट जुनाच शब्द शोधत राहतात. लायब्ररी उघडून पाहावी तर तिथे नवा शब्द स्वच्छ दिसतो! असा दोष शोधणारा माणूस दिवसभर ब्राउझरला दोष देत बसतो.

म्हणजे भाषेप्रमाणे बदलणारी गोष्ट अशा स्थिरांकात ठेवणं मुळातच विसंगत आहे. मूल्य थेट अवतरणातून न देता एखाद्या पद्धतीला (मेथडला) हाक मारून मिळवलं, की कम्पायलर ते उतरवून घेऊ शकत नाही आणि निर्णय प्रोग्रॅम चालू होईपर्यंत पुढे ढकलला जातो. पण ‘स्टॅटिक’ तसंच ठेवलं तर तो निर्णय क्लास पहिल्यांदा वापरात येताना एकदाच होतो, आणि मग तो प्रोग्रॅम संपेपर्यंत हलत नाही. रोज रात्री एकेका देशाची टेस्ट वेगळी चालवणाऱ्याला याची अडचण नाही. टेस्टएनजीमध्ये मात्र एकाच फेरीत जर्मन, फ्रेंच आणि तुर्की दुकानांच्या टेस्ट समांतर धाग्यांवर चालवता येतात. तिथे सगळ्या धाग्यांना मिळून एकच ‘स्टॅटिक’ भाषा असेल तर तुर्की पानावर फ्रेंच बटण शोधलं जातं. तेही कधी कधीच, कारण कोणता धागा आधी पोचला यावर ते ठरतं. ‘कधी कधी’ फेल जाणाऱ्या टेस्टवरचा विश्वास लवकर उडतो आणि लोक ती बंद करून टाकतात.

अनुभवी लोक यातून काढतात तो मार्ग साधा आहे. भाषा आणि देश यांची जोडी टेस्टच्या सुरुवातीला एकदा ठरवायची, तिच्यावरून मजकुरांचा एक संच तयार करायचा आणि तो संच त्या टेस्टच्या हाती द्यायचा. पानांचे क्लास त्या संचाकडे ‘बास्केटचं बटण’ मागतात. भाषेचं नाव त्यांना ठाऊकच नसतं. काही जण हा संच प्रत्येक धाग्यासाठी वेगळा राहील अशा ‘थ्रेडलोकल’ कप्प्यात ठेवतात. मला हातोहात देणं अधिक प्रामाणिक वाटतं. दोन ओळी जास्त लिहाव्या लागतात, पण भाषा कुठून आली हे कोड वाचणाऱ्याला दिसतं.

संच भरायचा कशातून? जावाकडे यासाठी १९९७च्या १.१ आवृत्तीपासून रिसोर्सबंडल आहे. प्रत्येक भाषेची एक प्रॉपर्टीज फाइल. डावीकडे किल्ली, उजवीकडे मजकूर. लोकेल म्हणजे भाषा-देशाची जोडी दिली की जावा आधी नेमकी फाइल शोधतं, नाही मिळाली तर नुसत्या भाषेची, आणि सगळ्यांत शेवटी बिननावाची मूळ फाइल. हेर्त्सोसारख्या ठिकाणाहून तीन जर्मनभाषक देशांत माल विकणाऱ्याला ही उतरंड फार सोयीची आहे. ऑस्ट्रियात जानेवारीला ‘यानुआर’ऐवजी ‘येनर’ म्हणतात. स्वित्झर्लंडमध्ये जर्मन लिहिताना एस्त्सेट हे अक्षर वापरतच नाहीत, त्याजागी दोन एस येतात. त्यामुळे ‘ग्र्योसे’, म्हणजे माप, हा बुटांच्या दुकानातला सर्वांत गरजेचा शब्द सीमा ओलांडली की वेगळा लिहिला जातो, उच्चार मात्र तोच राहतो. अशा वेळी ऑस्ट्रियाच्या आणि स्वित्झर्लंडच्या फायलींत फक्त वेगळ्या असलेल्या ओळी ठेवायच्या. बाकी सगळं सामाईक जर्मन फाइलमधून आपोआप येतं.

पण या उतरंडीत एक पायरी अशी आहे की जिच्यामुळे मी रिसोर्सबंडल जसंच्या तसं टेस्टमध्ये वापरू नका असं सांगेन. मागितलेल्या भाषेची फाइलच नसेल तर जावा मूळ फाइलकडे जाण्याआधी, ज्या यंत्रावर प्रोग्रॅम चालतो आहे त्या यंत्राच्या भाषेची फाइल शोधतं. फ्रेंच फाइल जोडायची राहिली असेल तर हेर्त्सोमधल्या जर्मन लॅपटॉपवर जर्मन मजकूर मिळेल आणि इंग्रजी ठेवणीच्या बिल्ड सर्व्हरवर इंग्रजी. एकच टेस्ट, एकच कोड, निकाल यंत्रागणिक वेगळा. ग्राहकाला दाखवायच्या प्रोग्रॅममध्ये ही दयाळू वागणूक समजण्यासारखी आहे, काहीच न दिसण्यापेक्षा काहीतरी दिसलेलं बरं. टेस्टला दया नको असते. ही पायरी बंद करण्याची सोय जावात आहे आणि ती वापरावी.

असाच मुका दयाळूपणा आज्ञेच्या ओळीतही लपलेला असतो. भाषा बाहेरून सांगण्याचा रूढ मार्ग म्हणजे सिस्टिम प्रॉपर्टी: टेस्ट चालवताना ‘भाषा फ्रेंच’ असं आज्ञेत लिहायचं. मेव्हन या बिल्डच्या साधनात ते मूल्य टेस्टपर्यंत पोचतं. ग्रेडल हे तसलंच दुसरं साधन मात्र टेस्टसाठी वेगळी जावा प्रक्रिया सुरू करतं आणि आज्ञेतली प्रॉपर्टी आपणहून तिच्याकडे पोचवत नाही. तसं बिल्ड फाइलमध्ये लिहून सांगावं लागतं. ते लिहिलेलं नसेल तर टेस्टला भाषा रिकामी मिळते. आणि कोणीतरी चांगल्या हेतूनं ‘भाषा न मिळाल्यास जर्मन धरा’ अशी ओळ लिहिलेली असली, की फ्रेंच म्हणून चालवलेली संपूर्ण फेरी जर्मन दुकानावर चालते आणि हिरवीगार पास होते. फ्रेंच दुकान कोणी उघडलेलंसुद्धा नसतं. भाषा सांगितलेली नसेल तर टेस्टनं पहिल्याच ओळीला थांबावं, याबद्दल मला तिळमात्र शंका नाही.

शिवाय भाषा दोन ठिकाणी लागते, हे अनेकदा निसटतं. एक, अपेक्षित मजकूर निवडायला. दोन, ब्राउझरला किंवा पत्त्याला देशाचं पान उघडायला सांगायला. दोन्ही एकाच मूल्यातून आली पाहिजेत. ती वेगवेगळ्या सेटिंगमधून आली की आज ना उद्या वेगळी होतात.

प्रॉपर्टीज फायलींना आणखी एक मर्यादा आहे: किल्ली चुकीची लिहिली तर ते टेस्ट चालल्यावरच कळतं. म्हणून काही जण फायली सोडून इंटरफेस लिहितात. त्यात ‘बास्केटचं बटण’, ‘माप निवडा’ अशा पद्धती आणि प्रत्येक भाषेचा एक क्लास. पोलिश क्लासमध्ये एक पद्धत राहिली की कम्पायलर तिथेच अडवतो. मोठी सोय आहे, पण भाषांतर करणाऱ्या माणसाला जावाची फाइल हाताळायला लावावी लागते, आणि एखादं अवतरणचिन्ह निसटलं की सगळा बिल्ड तुटतो. मध्यममार्ग असा: किल्ल्या एनममध्ये, म्हणजे जावाच्या ठरावीक नावांच्या यादीत, मजकूर फायलींत, आणि प्रत्येक फाइलमध्ये प्रत्येक किल्ली आहे ना हे पाहणारी एक छोटी टेस्ट सर्वांत आधी. ब्राउझर न उघडता ती क्षणात चालते.

इथे कोणी विचारेल, की मजकूर शोधायचेच कशाला? बटणाला कोडमध्ये एक अदृश्य खूण द्यावी आणि टेस्टनं त्या खुणेवरून ते शोधावं, म्हणजे भाषेचा प्रश्नच मिटला. हा सल्ला नव्वद टक्के वेळा बरोबर आहे आणि तो पाळला की अपेक्षित मजकुरांची यादी खूप आटोपशीर होते. उरलेल्या वेळी मजकूर हाच तपासण्याचा विषय असतो. आणि जर्मनीत तर एका बटणावरच्या शब्दांवर पैसे मिळणं न मिळणं ठरतं.

इंटरनेटवर ‘मोफत’ म्हणून काहीतरी उघडायला लावून मागाहून वर्गणीचं बिल पाठवणाऱ्या ठगांनी जर्मनीत उच्छाद मांडला होता. त्यावर उपाय म्हणून १ ऑगस्ट २०१२पासून तिथे बटणाचा कायदा लागू झाला. आज ती तरतूद नागरी संहितेच्या ३१२-जे या कलमात आहे. शेवटच्या बटणावर ‘त्सालुंग्सफ्लिश्टिश बेश्टेलन’, म्हणजे ‘पैसे देण्याच्या बंधनासह मागणी नोंदवा’, हेच शब्द किंवा तितकेच निःसंदिग्ध दुसरे शब्द वाचता येतील असे हवेत, आणि त्यांखेरीज बटणावर दुसरं काही नको. ‘काउफन’, म्हणजे ‘विकत घ्या’, चालतं. नुसतं ‘बेश्टेलन’ पुरेसं मानत नाहीत. अट पाळली नाही तर करार झालाच नाही असं धरलं जातं. युरोपीय संघाच्या २०११च्या ग्राहक हक्क निर्देशातही हीच अट आहे, म्हणून फ्रेंच दुकानाला तिथल्या ग्राहक संहितेप्रमाणे आपली फ्रेंच शब्दरचना सांभाळावी लागते. स्वित्झर्लंड संघात नाही; शब्द जर्मनच, पण हे बंधन नाही.

हा कायदा किती काटेकोरपणे वाचला जातो ते ७ एप्रिल २०२२च्या निकालात दिसलं. बुकिंग डॉट कॉमवर एका ग्राहकानं जर्मनीतल्या हॉटेलच्या खोल्या ठरवल्या. शेवटच्या बटणावर होतं ‘बुखुंग अ‍ॅप्श्लीसन’, म्हणजे ‘बुकिंग पूर्ण करा’. ग्राहक आलाच नाही. हॉटेलनं रद्दीकरणाचे पैसे मागितले आणि प्रकरण स्थानिक न्यायालयातून युरोपीय न्यायालयात गेलं. न्यायालयानं सांगितलं, की अट पाळली की नाही हे ठरवताना फक्त बटणावरचे शब्द पाहायचे. व्यवहाराची बाकीची परिस्थिती, आजूबाजूची पानं मोजायची नाहीत. मग ‘बुखुंग’ या शब्दातून सामान्य जर्मन माणसाला पैसे द्यावे लागणार हे कळतं का, एवढंच पाहणं स्थानिक न्यायालयाकडे सोपवलं.

टेस्ट लिहिणाऱ्यासाठी याहून स्पष्ट विधान शोधून सापडणार नाही. या बटणाचा अपेक्षित मजकूर देशागणिक हातानं लिहिलेला, कायदा जाणणाऱ्यानं पाहिलेला आणि टेस्टच्या स्वतःच्या फाइलमध्ये ठेवलेला असावा. हे मुद्दाम सांगायचं कारण असं, की दुकानाच्याच भाषांतराच्या फायली टेस्टला वाचायला देण्याची पद्धत लोकप्रिय आहे. त्यात कष्ट वाचतात, दोन प्रती सांभाळाव्या लागत नाहीत. पण मग भाषांतर करणाऱ्यानं ते शब्द बदलून ‘पुढे’ असं केलं तर दुकानही ‘पुढे’ दाखवतं, टेस्टही ‘पुढे’चीच अपेक्षा करते, आणि दोघं आनंदानं सहमत होतात. सामान्य मजकुरासाठी ही सामाईक फाइल चालेल. कायद्याच्या, किमतीच्या आणि माल परत करण्याच्या मुदतीच्या मजकुरासाठी चालणार नाही.

मजकूर नेमका निवडला तरी तुलना सरळ होत नाही, आणि इथे एस्त्सेट पुन्हा समोर येतं. वेबपानावर एखादा शब्द फाइलमध्ये छोट्या लिपीत असतो आणि सजावटीच्या नियमांनी पडद्यावर मोठ्या लिपीत दिसतो. सेलेनियम पडद्यावर दिसतं तसं रूप परत देतं. एस्त्सेट मोठ्या लिपीत नेलं की त्याचे दोन एस होतात. जावाही तसंच करतं. जर्मन शुद्धलेखनानं मोठं एस्त्सेट २०१७ साली अधिकृत केलं, पण आपोआप होणाऱ्या बदलात ते येत नाही. परिणामी जर्मन लिपीत पाच अक्षरी असलेलं ‘ग्र्योसे’ पडद्यावरून सहा अक्षरी होऊन येतं. लहानमोठी लिपी दुर्लक्षून तुलना करणारी जावाची नेहमीची पद्धत अक्षरांची संख्याच वेगळी म्हणून नकार देते. टेस्ट फेल. स्वित्झर्लंडची तीच टेस्ट पास.

तुर्की दुकानाची तऱ्हा आणखी वेगळी. तुर्कीत टिंब असलेला आय आणि बिनटिंबाचा आय ही दोन स्वतंत्र अक्षरं आहेत, आणि प्रत्येकाचं मोठं रूपही वेगळं. यंत्राची भाषा तुर्की असेल तर जावा इंग्रजी मोठ्या आयचं छोटं रूप बिनटिंबाचं करतं. टेस्ट तुर्की वातावरणात चालावी म्हणून कोणी अख्ख्या जावाचीच भाषा तुर्की केली, की बटणाचा मजकूर राहतो बाजूला आणि मोठ्या लिपीतून छोट्या लिपीत नेताना किल्ल्यांची नावंच बदलून जातात. ‘आयडी’ ही किल्ली सापडत नाही. म्हणून दुकानाची भाषा ही टेस्टमधलं एक मूल्य म्हणून फिरवावी, यंत्राच्या भाषेला हात लावू नये, आणि किल्ल्यांवरचे लिपीबदल तटस्थ ‘रूट’ लोकेलनं करावेत.

किमती तर स्थिरांक म्हणून लिहूच नयेत असं वाटतं, कारण जावाकडे त्यांची मांडणी तयार असते: जर्मनीत हजाराला टिंब आणि दशांशाला स्वल्पविराम, स्वित्झर्लंडमध्ये हजाराला वरचा स्वल्पविराम. पण ही मांडणी जावा युनिकोड संघटनेच्या सीएलडीआर या माहितीसाठ्यातून घेतं, २०१७च्या नवव्या आवृत्तीपासून तर मूळ ठेवणच ती आहे, आणि तो साठा बदलत असतो. जावाच्या १३व्या आवृत्तीत फ्रेंच आकड्यांमधली मोकळी जागा बदलून अरुंद झाली. २०व्या आवृत्तीत इंग्रजी वेळेतल्या एएम-पीएमच्या आधीची साधी जागा तशीच अरुंद, न तुटणारी झाली आणि जगभरच्या टेस्ट एका रात्रीत लाल झाल्या. डोळ्याला फरक दिसत नाही. भाषांची संक्षिप्त नावंही अशीच बदलली: इंडोनेशियन आणि हिब्रूची जुनी नावं जावा दशकभराहून अधिक काळ धरून बसलं होतं, ती २०२१च्या १७व्या आवृत्तीत नवी झाली, आणि जुन्या नावानं भाषा लिहून ठेवलेला कोड अडचणीत आला.

हे सगळं परक्या भाषांचं झालं. हेच दुकान मराठीत उघडलं तर? लांब कशाला, बुटांऐवजी कोल्हापुरी चपला घेऊ. या चपलेला २०१९ साली महाराष्ट्र आणि कर्नाटक अशा दोन्ही राज्यांतल्या मिळून आठ जिल्ह्यांसाठी भौगोलिक मानांकन मिळालं आहे, म्हणजे दुकान मराठी आणि कन्नड अशा दोन भाषांत असणं अगदी स्वाभाविक. पहिला धक्का आकड्यांचा. सीएलडीआरच्या हिशेबी हिंदीचे ठरीव अंक इंग्रजी वळणाचे आहेत, मराठीचे मात्र देवनागरी. त्यामुळे मराठी लोकेल देऊन किंमत मांडली की आपली अपेक्षा ‘१,२५०’ अशी देवनागरीत येते; पानावर दुकानदारानं इंग्रजी अंक ठेवले असले तर टेस्ट फेल. दुसरा धक्का मोठ्या रकमांचा. जावाचं आकडे मांडणारं यंत्र स्वल्पविरामांचं एकच अंतर जाणतं. मराठी नमुन्यात दोन-दोन अंकांचे गट सांगितलेले असले तरी ते फक्त शेवटचं तीनाचं अंतर घेतं आणि बारा लाखांची रक्कम दशलक्षांच्या पद्धतीनं छापतं. लाख-कोटींची मांडणी हवी तर आयसीयू नावाची वेगळी लायब्ररी लागते, किंवा ते चार-पाच अपेक्षित आकडे मराठीच्या फाइलमध्ये हातानं लिहावे लागतात.

आणि तिसरी अडचण आपल्या अर्ध्या ‘र’ची. ‘नव्याने येणाऱ्या चपला’ या ओळीतला हा ‘र’ दोन प्रकारे टाइप होतो. काही कीबोर्डवर टिंबाच्या ‘ऱ’चा पाय मोडून, काहींवर साध्या ‘र’चा पाय मोडून त्यापुढे एक अदृश्य जोडचिन्ह देऊन. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे दिसतात, यंत्राच्या लेखी ते वेगळे शब्द आहेत. युनिकोडची प्रमाणीकरणाची पद्धत जावात आहे. तिनं टिंबाचा अखंड ‘ऱ’ आणि ‘र’ व टिंब जोडीनं लिहिलेला ‘ऱ’ ही दोन रूपं एक होतात, पण अदृश्य जोडचिन्हाचं रूप ती एकत्र आणत नाही. ते चिन्ह सगळ्याच भाषांत सरसकट उडवताही येत नाही, सिंहलीतली काही जोडाक्षरं त्याच्यावरच उभी आहेत. तेव्हा तुलनेआधी दोन्ही बाजूंचा अर्धा ‘र’ एका रूपात आणणारी छोटीशी पद्धत लिहावी लागते, आणि ती अपेक्षित मजकुरांबरोबरच मराठीच्या संचात ठेवावी लागते. कन्नडच्या संचाला तिच्याबद्दल काही ठाऊक असण्याचं कारण नाही.